बाराशे चारसमोरचं तेरावं पाऊल

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला आणि पलीकडून एक तरुण बाई म्हणाली, "काका, 'बाराशे चार'ची पावलं गेली."

ज्याला हा फोन आला त्याला धंद्यातले लोक पावल्या म्हणत. वय बासष्ट, उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललेला. सिनेमात माणूस चालताना दिसतो तेव्हा पावलांचा जो आवाज ऐकू येतो, तो बहुतेक वेळा त्या माणसाचा नसतो. शूटिंगच्या जागी जनरेटर घरघरत असतो, कोणीतरी खोकत असतं, जमिनीवर गालिचा असतो. मग महिन्याभराने एका बंद खोलीत कोणीतरी तसलेच बूट घालून, पडद्यावर नजर ठेवून, पावलाला पाऊल जुळवत चालतं. चौतीस वर्षं ते कोणीतरी म्हणजे पावल्या. तो नायकांसाठी चालला, उंच टाचा घालून नायिकांसाठी चालला, पोलिसांच्या अख्ख्या तुकडीसाठी एकटा धावला आणि दोनदा घोडाही झाला. एकाही सिनेमाच्या नामावलीत त्याचं नाव नव्हतं.

"गेली म्हणजे काय?" त्याने विचारलं.

फोनवर सिनेमाची साउंड रेकॉर्डिस्ट होती. 'बाराशे चार' हा सत्तावीस वर्षांपूर्वीचा थ्रिलर धुऊनपुसून पुन्हा थिएटरांत लावायचा होता आणि आवाजाचं काम तिच्याकडे होतं.

"इफेक्टची रिळं ओल लागून चिकटली. बाकीचं बरंचसं सुटलं, कॉरिडॉर नाही सुटला. चाळीस सेकंद."

"मग पूर्ण मिक्समधून घे."

"मिक्समध्ये वर व्हायोलिन बसलंय, काका. पावलं वेगळी निघत नाहीत. नव्यानेच करायची. गुरुवारी अकराला या. साहेब स्वतः चालणार आहेत."

"कोण साहेब?"

"आपले हीरो. त्यांनीच सुचवलं. व्हिडिओही करणार आहेत, जाहिरातीसाठी. तुम्ही फक्त कसं ते दाखवा. आणि ते बूट आणा, तुमच्याकडेच असतील ना?"

बूट माळ्यावर होते, एका खोक्यात, चेपू नयेत म्हणून आत वर्तमानपत्र कोंबलेले.

"अजून एक," ती म्हणाली. "सिनेमाबरोबर एक पुस्तिका निघतेय. पडद्यामागच्या सगळ्यांची नावं टाकतोय या वेळी. तुमचंही. एक कागद देईन, शुक्रवारी सहापर्यंत भरून द्या. तेराव्या पावलाबद्दल वेगळा रकाना आहे त्यात. कल्पना कोणाची, असा."

फोन ठेवून तो वळला तर बायको दारात उभी होती. तिने अर्ध्या बाजूचं बोलणं ऐकलं होतं आणि उरलेलं अंदाजाने भरून काढलं होतं. हे तिचं जुनं कौशल्य. पूर्वी पावल्या काम करायचा त्याच स्टुडिओत ती संकलकाची मदतनीस होती, रिळं कापायची आणि जोडायची.

"तो येणार आहे?"

"येणार आहे."

"मग मीपण येते," ती म्हणाली आणि गॅस बारीक करायला आत गेली.



*

'बाराशे चार' आला तेव्हा शतक संपायला दोन वर्षं होती. गोष्ट काही फार मोठी नव्हती. एका हॉटेलातून एक बाई नाहीशी होते, विमा कंपनीचा तपासनीस तिचा माग काढत येतो आणि शेवटी कळतं की ती नाहीशी झालेलीच नव्हती. पण सिनेमा दिसायचा देखणा. हिरवट उजेड, लिफ्टची पितळी जाळी, काचेवरून ओघळणारं पाणी आणि या सगळ्यातून फिरणारा, राखाडी लांब कोटातला नट. ओठांत न पेटवलेली सिगारेट. त्या वर्षी प्रत्येक शिंप्याने दोन-चार तरी राखाडी कोट शिवले आणि लोकांनी ते भर उन्हात घातले.

त्यातही लोकांच्या डोक्यात राहिला तो कॉरिडॉर. नट लांबच लांब बोळातून बाराशे चार नंबरच्या दाराकडे चालत येतो. कॅमेरा छातीच्या वर, त्यामुळे पाय दिसतच नाहीत. बारा पावलं वाजतात. तो दारापाशी थांबतो, खांदे स्थिर होतात. आणि तो थांबल्यावर आणखी एक पाऊल वाजतं.

तेरावं पाऊल कोणाचं, यावर सत्तावीस वर्षं वाद चालू आहे. मागून मॅनेजर येत होता म्हणणारे आहेत, ती बाईच होती म्हणणारे आहेत. एका प्राध्यापकाने त्या एका पावलावर चाळीस पानं लिहिली आणि ती कुठेतरी छापूनही आली.

मागच्या वर्षी नटाने एका मुलाखतीत खुलासा केला. "मीच दिग्दर्शकाला म्हटलं, मी थांबलो की अजून एक पाऊल ऐकू येऊ दे. बघणाऱ्याची मान मागे वळली पाहिजे. तो म्हणाला, तू वेडा आहेस. पण ठेवलंन." दिग्दर्शकाला जाऊन अकरा वर्षं झाली होती, त्यामुळे त्याला विचारायची सोय नव्हती. पावल्याच्या मुलीने ती मुलाखत त्याला फोनवर पाठवली होती. "बाबा, तुमचा सिनेमा," एवढंच खाली लिहिलं होतं. पावल्याने ती एका दुपारी चार वेळा पाहिली. चौथ्या वेळी आवाज बंद करून.

कारण ते पाऊल पावल्याचं होतं. आणि ती चूक होती.

त्याच्या धंद्यात एक नियम आहे. शेवटचं पाऊल पडलं की रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझेपर्यंत पुतळा व्हायचं. बोट हलवायचं नाही, श्वाससुद्धा मोजूनमापून. पावल्या या बाबतीत इतका पक्का होता की नवीन येणाऱ्यांना त्याचं उदाहरण देत. फक्त त्या एका दुपारी तो चुकला.

तेव्हा पावलं देताना समोर टीव्ही ठेवत, फुगीर जाड काचेचा. कॉरिडॉरचं दृश्य काळोखं होतं आणि त्या काळ्या काचेत पाठीमागची खोली आरशासारखी दिसत होती. मागच्या बाजूला काचेची भिंत, तिच्यापलीकडे रेकॉर्डिंगची यंत्रं, तिथे दिवे. नट त्या दिवशी सहज डोकावायला आला होता. त्याच्या शेजारी रिळांची यादी घेऊन एक मुलगी उभी होती. तिचं आणि पावल्याचं लग्न ठरलेलं होतं, तीन महिन्यांनी व्हायचं होतं. पावल्याचं अकरावं पाऊल पडलं तेव्हा नट तिच्या कानाशी वाकला. बाराव्याला ती हसली, मान मागे टाकून, तोंडावर हात घेऊन. मधल्या काचेतून आवाज येत नव्हता. पडद्यावर नटाचा भला मोठा चेहरा आणि त्या चेहऱ्याच्या गालावर, काचेत, इवलासा तोच नट आणि त्याची होणारी बायको.

पावल्या वळला. झालं ते एवढंच. भार डाव्या पायावर गेला, उजवी टाच घासली, पाऊल पडलं. लाल दिवा चालूच होता.

सिनेमा चार दिवसांनी लागायचा होता. पुन्हा करायला वेळ नव्हता आणि शेवटचं ते शेपूट कापायचं कोणाकडून तरी राहून गेलं. प्राध्यापकाने चाळीस पानं लिहिली ती चामड्याच्या तळव्यावर वळलेल्या एका माणसाच्या मत्सरावर.

हे माझं म्हणावं, तर चूक होती म्हणावं लागणार. चूक म्हटलं की कशी झाली ते सांगावं लागणार. आणि ते बायकोच्या देखत. म्हणून नटाची मुलाखत त्याच्या डोळ्यात कितीही खुपली तरी तो मूग गिळून बसला होता. त्या दुपारी नट कानाशी काय बोलला, हे त्याने बायकोला सत्तावीस वर्षांत विचारलं नव्हतं. आधी विचारणं कमीपणाचं वाटलं आणि नंतर उशीर झाला होता.

*

बुधवारी दुपारी दोघांनी सिनेमा पुन्हा पाहिला. बायकोने पडदे ओढले, पाय वर घेऊन बसली आणि पहिल्याच दृश्याला म्हणाली, "किती बारीक होता ना."

"भुकेला ठेवायचे त्यांना. कोट नीट बसावा म्हणून."

"डोळे बघ पण."

"डोळ्यांना काय झालंय? दोन आहेत."

ती हसली. पावल्याने मनातल्या मनात मोजलं. सिनेमा सुरू होऊन चार मिनिटंही झाली नव्हती.

खरं सांगायचं तर तोसुद्धा नटाकडेच बघत होता, फक्त वेगळ्या कारणाने. नटाला अभिनय फारसा येत नव्हता, हे त्याला तेव्हाही माहीत होतं. रागावला की तो नाकपुड्या फुलवायचा, दुःख झालं की खिडकीशी जायचा. पण तो चालायला लागला की सगळं माफ. आणि ते चालणं पावल्याचं होतं. तो रुबाब, ती बेफिकिरी, टाच आधी टेकवून मग तळवा सोडणं, हे पावल्याने कॉरिडॉरच्या आधी आठवडाभर घरी फरशीवर घासून घासून बसवलं होतं. सेटवर गालिच्यावरून नट सरळ चालला होता, बँकेत पैसे भरायला निघालेल्या माणसासारखा. सिनेमा चालल्यावर मात्र तो प्रत्येक समारंभात, प्रत्येक पुढच्या सिनेमात त्याच चालीत चालायला लागला. पावल्याला वाटायचं, आपल्या अंगावरचा सदरा दुसऱ्याने घालावा आणि तो त्यालाच जास्त शोभून दिसावा, तसं.

कॉरिडॉर आला. दहा, अकरा, बारा. खांदे स्थिर. तेरावं.

"शेपूट," बायको म्हणाली.

पावल्याने तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडेच बघत होती आणि गालातल्या गालात हसत होती, की हिरवा उजेड तसा पडला होता, ते त्याला कळेना.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. बघू दे."

*

गुरुवारी निघताना तिने कपाटातून निळा रेशमी स्कार्फ काढला, जो मुलीच्या लग्नानंतर बाहेर आला नव्हता.

"रेकॉर्डिंगला चाललोय आपण," पावल्या म्हणाला. "एवढं नटायचं कारण?"

"आणि तुझ्या अंगावर नवा शर्ट कुठून आला? त्याला इस्त्री कोणी केली, तेही सांग."

त्याने बुटांचं खोकं काखोटीला मारलं.

स्टुडिओ नवा होता. भिंतींना राखाडी कापड, खोलीच्या मधोमध जमिनीत बसवलेले चौकोन: एकात फरशी, एकात लाकडी फळ्या, एकात खडी, एकात कोरडी वाळू. समोर टीव्हीऐवजी सपाट मोठा पडदा. मागे काचेची भिंत, तिच्यापलीकडे रेकॉर्डिस्ट. जाड भिंगांचा चष्मा, गळ्यात हेडफोन, आणि शेजाऱ्याच्या मुलीसारखी वागणूक. तिने पावल्याला वाकून नमस्कारच करायचा बाकी ठेवला. बायकोला मात्र तिने सरळ खुर्ची दिली. "काकू, तुम्ही इथे बसा. तुमचेच जोड आहेत ना सगळे? एक निसटला नाहीये सत्तावीस वर्षांत."

नट सव्वाअकराला आला, एकटाच. तो म्हातारा झाला असेल अशी पावल्याला आशा होती. झाला होताही, पण बेताने. केस पांढरे, पण सगळे जागेवर. तो दारातून आत आला तोच त्या चालीत, टाच आधी टेकवत.

बायकोसमोर तो थांबला. दोन सेकंद बघितलं. "तुमच्या टेबलावर काचेच्या बरणीत पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या," तो म्हणाला. "मी रोज एक चोरायचो."

"दोन," बायको म्हणाली. "मी मोजायचे."

मग नट पावल्याकडे वळला, दोन्ही हातांनी हात धरला आणि अगदी मनापासून म्हणाला, "आणि तुम्ही. तुम्ही बूट आणायचात, नाही का?"

"आणलेत," पावल्या म्हणाला आणि खोकं पुढे केलं.

बूट नटाला बसले. मापाचेच होते, मुळात त्याच्याच मापाचे शिवले होते. पावल्याने सत्तावीस वर्षांपूर्वी त्यात पुढे कापूस घातला होता. हे कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

बारा पावलं नटाने पहिल्याच प्रयत्नात दिली. पावल्या भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होता, चूक सापडावी म्हणून कान टवकारून. सापडली नाही. सत्तावीस वर्षं माणूस रोज त्या चालीत चालत होता, आता ती त्याचीच झाली होती. पावल्याच्या नव्या गुडघ्याला तशी चाल आज जमली नसती, हेही त्याला उभ्या उभ्या कळलं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाने तो म्हणाला, "चांगली आहेत."

तेरावं मात्र येईना.

"साहेब," रेकॉर्डिस्टचा आवाज स्पीकरमधून आला, "ते मागचं कोणीतरी वाटत नाहीये. तुम्हीच थांबून परत एक पाऊल टाकताय असं वाटतंय."

नटाने पुन्हा केलं. मग हलकं केलं, मग जोरात, मग उशिरा. एकदा उडी मारल्यासारखं. सात वेळा झालं. आठव्याआधी त्याने खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि सरळ विचारलं, "काय चुकतंय?"

पावल्याला माहीत होतं काय चुकतंय. तेरावं पाऊल हे पाऊल नव्हतंच, ते वळणं होतं. आधी टाच घासते, मग पडते. ठरवून टाकलेल्या पावलात ते घासणं येत नाही. त्याने ते सांगायला हवं होतं. त्यासाठीच त्याला बोलावलं होतं. तो म्हणाला, "अजून एकदा करून बघा."

त्याने आणखी चार वेळा करवून घेतलं. अकराव्या वेळी नटाने भिंतीला हात टेकून श्वास घेतला आणि पावल्याला आपल्याच समाधानाची लाज वाटली. पण समाधान गेलं नाही.

मग विश्रांती म्हणून व्हिडिओवाल्याने कॅमेरा लावला. नट आणि पावल्या शेजारी शेजारी दोन उंच स्टुलांवर. माइकची कळ चालू होती, म्हणजे काचेपलीकडे बायकोला शब्दन् शब्द ऐकू जात होता. हे पावल्याला दिसत होतं, कारण माइकवरचा हिरवा ठिपका जळत होता.

नटाने मुलाखतीतली गोष्ट पुन्हा सांगितली, आता थोडी वाढवून. दिग्दर्शकाशी झालेल्या भांडणात एक कपही फुटला होता.

"मी हट्टच धरला," तो म्हणाला. "म्हटलं, एक पाऊल. फक्त एक. आणि या माणसाने ते दिलं."

व्हिडिओवाल्याने कॅमेरा पावल्याकडे वळवला. "काका, तुम्हाला आठवतंय ते?"

"आठवतंय," पावल्या म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचाच होता. "ती चूक होती."

मग नट मनमोकळं हसला आणि त्याने पावल्याच्या पाठीवर थाप मारली. "बघा. याला म्हणतात जुनी माणसं. आपण सोनं द्यावं आणि हे म्हणणार, आमच्याकडून चुकून पडलं."

"चुकूनच पडलं. मी स्थिर उभं राहायला हवं होतं. राहिलो नाही."

"आमचे बूटवाले भारी नम्र आहेत," नट कॅमेऱ्याला म्हणाला, आणि ते वाक्य जाहिरातीत जाणार हे तिथल्या सगळ्यांना कळलं.

चौतीस वर्षांत पावल्याने पहिल्यांदा आपली चूक चारचौघांत कबूल केली होती, आणि तिचंही श्रेय त्याला मिळालं नव्हतं.

स्पीकर करकरला. "पण काका," रेकॉर्डिस्ट म्हणाली, आणि ती खरंच विचारत होती, "तुम्ही कधी हलत नाही. तुमचं नाव घेऊन आम्हाला शिकवलंय. त्या दिवशी का हललात?"

हिरवा ठिपका जळत होता. पावल्याने मागे पाहिलं नाही. "गुडघा," तो म्हणाला.

"गुडघा तेव्हा धडधाकट होता तुमचा," बायकोचा आवाज स्पीकरमधून आला. चारचौघांत ती त्याला 'तुम्ही' म्हणायची. आवाजावरून ती हसत होती की नाही, काही ठरवता येईना.

*

शेवटी रेकॉर्डिस्टनेच तोडगा काढला. बारा पावलं साहेबांची ठेवू, तेरावं काकांनी द्यावं. नटाने कोणतीही कुरकुर न करता बूट काढून दिले, मोजे सारखे केले आणि काचेपलीकडे जाऊन बायकोच्या शेजारच्या खुर्चीत बसला. एवढ्या मोठ्या खोलीत खुर्च्या चार होत्या.

पावल्याने बुटात कापूस कोंबला, फरशीच्या चौकोनात उभा राहिला. लाल दिवा लागला. पडद्यावर राखाडी कोट बोळातून येऊ लागला. नटाची बारा पावलं हेडफोनमधून त्याच्या कानात पडत होती. तो थांबला. पावल्याने पाऊल टाकलं.

"नाही," रेकॉर्डिस्ट म्हणाली. "साहेबांसारखंच आलं."

पुन्हा केलं. त्याला काय करायचं ते माहीत होतं, घासायचं कसं तेही माहीत होतं, पण ठरवून घासलेली टाच ठरवून घासल्यासारखीच वाजत होती. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. त्याला काचेत बघायची सवय होती, तर या नव्या पडद्यात प्रतिबिंबच पडत नव्हतं. काळोख्या बोळात फक्त काळोख होता. पाठीमागे दोघं शेजारी शेजारी बसली होती. बोलत होती की गप्प होती, ती हसत होती की नाही, तिच्या स्कार्फकडे कोणी बघत होतं की नाही, काहीच कळायला मार्ग नव्हता. तेव्हा निदान दिसलं तरी होतं.

पाचव्या खेपेला नटाचं बारावं पाऊल त्याच्या कानात पडलं आणि पावल्याला राहवलं नाही. तो वळला.

काचेपलीकडे बायको पुढे झुकून, हनुवटी तळहातावर टेकवून त्याच्याकडेच बघत होती. नट तिला काहीतरी सांगत होता. ती ऐकत होती की नाही, कुणास ठाऊक.

लाल दिवा विझला. स्पीकरमधून रेकॉर्डिस्टचा श्वास ऐकू आला. "हेच," ती म्हणाली. "अगदी हेच. काय केलंत तुम्ही?"

"चुकलो," पावल्या म्हणाला.

*

घरी जाताना बायको गाडी चालवत होती, त्याचा गुडघा सुजला होता म्हणून. रेकॉर्डिस्टने दिलेला कागद त्याच्या मांडीवर होता. दोन रकाने. पहिल्यात, कॉरिडॉरची पावलं, बारा आणि एक. ते त्याने स्टुडिओतच भरलं होतं: नटाचं नाव, स्वल्पविराम, स्वतःचं नाव. पहिल्यांदाच छापून येणारं त्याचं नाव नटाच्या मागे एका स्वल्पविरामाने उभं होतं. दुसरा रकाना, तेराव्या पावलाची कल्पना कोणाची, रिकामा होता.

दोन सिग्नल गेले. तिसऱ्याला गाडी थांबली तेव्हा त्याने विचारलं.

"काय बोलला तो तुझ्याशी?"

"कधी? आज की तेव्हा?"

पावल्याने तिच्याकडे पाहिलं. ती सिग्नलकडे बघत होती.

"तू पाहिलं होतंस मला? वळताना?"

"समोर काच होती आणि मला डोळे होते."

"मग शेपूट का नाही कापलंस? कापायचं काम तुझं होतं."

"माझंच होतं. आणि मी विसरले नव्हते," ती म्हणाली. दिवा हिरवा झाला आणि मागच्या गाडीने भोंगा वाजवला. "एवढी वर्षं झाली. तुला आज विचारावंसं वाटलं?"

नट काय बोलला होता, तेव्हाही आणि आजही, हे तिने घर आलं तरी सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मिठाच्या बरणीखाली होता. पावल्याने दोनदा पेन हातात घेतलं आणि दोनदा ठेवलं. स्वतःचं नाव घातलं तर ते खोटं, कारण कल्पना अशी त्याला कधी सुचलीच नव्हती. नटाचं घातलं तर त्याहून मोठं खोटं, आणि ते स्वतःच्या अक्षरात. दुपारी तो गुडघ्याचा व्यायाम करून येऊन बघतो तर बरणी जागेवर होती, कागद नव्हता. बायकोच्या चपला नव्हत्या. निळा स्कार्फ खुंटीला होता.

ती साडेपाचला परत आली.

"कागद कुठाय?"

"देऊन आले. सहाच्या आत हवा होता ना."

"रकाना रिकामा होता."

"भरला."

"कोणाचं नाव घातलंस?"

तिने भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली, नळ सोडला, हात धुतले. "छापून आलं की वाच," ती म्हणाली.

सहाला पाच कमी असताना रेकॉर्डिस्टचा निरोप पावल्याच्या फोनवर आला. कागद मिळाला, असं त्यात होतं. आणि पुढे: "हे नाव माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. पण साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, बरोबर आहे, हेच छापा."

पावल्याने रेकॉर्डिस्टला लगेच फोन लावला. तिने उचलला नाही. पुस्तिका रात्री छपाईला गेली. सिनेमा येत्या चौदा तारखेला लागतो आहे.